तळ्याकाठचं विश्रांतिगृह

बर्लिनच्या वान्झे तलावाच्या काठावरच्या त्या बंगल्यात आजवर जे कोणी राहायला आले, ते बहुतेक सगळे विश्रांतीसाठी आले. ज्याने बांधला त्याला शहराच्या दगदगीतून सुटका हवी होती. एस.एस. या हिटलरच्या सशस्त्र संघटनेचे अधिकारी यायचे ते बर्लिनच्या मुक्कामात दोन रात्री निवांत मिळाव्यात म्हणून. युद्धानंतर छत्तीस वर्षं शाळेची मुलं आली, कामगार वस्तीतून मोकळ्या हवेवर. आणि आम्ही नवरा-बायको उन्हाळ्यात लेकीकडे बर्लिनला गेलो होतो, सुट्टीच होती, म्हणून तिथवर पोचलो. या सगळ्या आरामाच्या मधोमध, २० जानेवारी १९४२ च्या दुपारी, तिथे युरोपातल्या ज्यूंच्या संहाराबद्दल सुमारे दीड तासाची एक बैठक झाली. घराचं नाव जगाला माहीत आहे ते तेवढ्या दीड तासामुळे.

बर्लिनच्या मध्यातून एस-७ ही लोकल नैर्ऋत्येला निघाली की थोड्याच वेळात दाट झाडी लागते. उन्हाळ्यातल्या शनिवारी या गाडीत टॉवेल, फुगवायच्या गाद्या, सायकली आणि कुत्रे यांच्यामधून उभं राहायला जागा शोधावी लागते. ही सगळी मंडळी निकोलासझे स्टेशनवर उतरतात. वान्झे तलावाची चौपाटी तिथून जवळ आहे. १९०७ पासून बर्लिनकर तिथे पोहायला जातात. वाळूचा पट्टा किलोमीटरभराहून लांब, समुद्र नसल्याची कसर भरून काढणारा.

त्याच्या आधी ग्रुनेवाल्ड हे स्टेशन लागतं. तिथे लेकीने आम्हाला मुद्दाम उतरवलं. १८ ऑक्टोबर १९४१ पासून बर्लिनच्या ज्यूंना पूर्वेकडे नेणाऱ्या गाड्या इथून सुटायला लागल्या. सतरा नंबरच्या फलाटाच्या कडेने आता लोखंडी पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येक पट्टीवर एक गाडी: तारीख, किती माणसं, कुठे. रुळांमध्ये झाडं उगवली आहेत, ती तशीच ठेवली आहेत. वान्झेला जाण्याआधी हा फलाट बघितला हे बरं झालं. तारखा नीट लक्षात राहिल्या. बैठक जानेवारीतली आणि गाड्या ऑक्टोबरपासूनच्या.

वान्झे स्टेशनवरून ११४ नंबरची बस तलावाच्या काठाकाठाने जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीमंतांनी वसवलेली ही वसाहत आहे. बँकवाले, कारखानदार, चित्रकार, प्रकाशक यांचे उन्हाळी बंगले, आणि प्रत्येकाची बाग थेट पाण्यापर्यंत. आपल्याकडे मुंबईकर शेठ लोकांनी माथेरान-महाबळेश्वरला बंगले बांधले, तशातलाच प्रकार. छप्पन्न-अठ्ठावन्न नंबरच्या फाटकातून आत गेलं की गोल वळण घेणारी वाट, दोन्हीकडे हिरवळ, आणि समोर पिवळट करड्या रंगाचा भारदस्त बंगला. वर कठड्यावर दगडी गुटगुटीत बाळं उभी आहेत. मागच्या बाजूला काचेचं दालन, त्याला लागून गच्ची, मग उतरती बाग, मग तळं. पलीकडच्या काठावर चौपाटी दिसते. वारा त्या बाजूचा असला तर पोरांचा कालवाही ऐकू येतो. नवरा म्हणाला, "काय जागा आहे!" आणि मग जरा ओशाळला. मला त्यात ओशाळण्यासारखं काही वाटलं नाही. जागा सुंदरच आहे. ती सुंदर होती म्हणून तर त्यांनी घेतली.

बंगला बांधला एर्न्स्ट मार्लियर या औषध कारखानदाराने, १९१४-१५ मध्ये. औषधं म्हणजे थकलेल्या मज्जातंतूंना उभारी आणणारी वगैरे. त्यातल्या काहींवर बर्लिनच्या पोलिसांनी बंदी घातली होती. तरी धंदा असा चालला की पाउल बाउमगार्टन या नामांकित वास्तुविशारदाकडून त्याने हा प्रासाद उभा करून घेतला. १९२१ मध्ये तो फ्रीड्रिख मिनू या उद्योगपतीला विकला गेला. हे मिनूसाहेब पुढे बर्लिनच्या गॅस कंपनीला लाखो मार्कांना फसवल्याच्या आरोपात सापडले आणि १९४० मध्ये कोठडीत असतानाच त्यांनी बंगला विकून टाकला. घेणारी संस्था होती नोर्डहाव, नाझींच्या सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिख याच्या पुढाकाराने एस.एस.साठी जागा खरेदी करायला काढलेली. किंमत १९ लाख ५० हजार राइशमार्क. भामट्याला बाजारभाव मिळाला. हे सांगून ठेवते, कारण याच वर्षी याच रस्त्यावर आणखी एक घर विकलं गेलं, त्याच्याकडे नंतर यायचंच आहे.

मग बंगल्याचं अतिथिगृह झालं. सुरक्षा पोलिसांच्या अधिकाऱ्यांसाठी त्याची माहिती देणारं एक पत्रक निघालं होतं. संगीताची खोली, बिलियर्डची खोली, काचेचं दालन, तलावाकडे उघडणारी गच्ची, खोल्यांमधून गरम आणि गार पाणी. कोणत्याही गिरिस्थानावरच्या हॉटेलाची जाहिरात वाटावी.

ज्या खोलीत बैठक झाली असं मानतात ती जेवणाची खोली होती. तळ्याकडे तोंड, मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड. त्या वेळचं लाकडी सामान आता नाही. खुर्च्या मांडून, पाट्या लावून देखावा उभा करण्याचा मोह संग्रहालयाने टाळला आहे, आणि ते योग्यच केलं. तिथे मुख्यतः कागद आहेत.

मी जन्मभर सरकारी कचेरीत काम केलं, त्यातली बरीच वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिण्यात गेली. विषयपत्रिका, उपस्थिती, सूचक-अनुमोदक, "सविस्तर चर्चेअंती", "अवलोकनार्थ सादर". त्यामुळे असेल, बाकीचे लोक भिंतीवरचे चेहरे बघत होते आणि मी प्रतिक्रमांक. बैठक आधी ९ डिसेंबर १९४१ ला ठरली होती, ती पुढे ढकलली. निमंत्रणात बैठकीनंतर खाण्याची सोय असल्याचा उल्लेख आहे. हजर पंधरा, त्यांतले आठ डॉक्टरेटवाले. अध्यक्षस्थानी रायनहार्ड हायड्रिख, वय ३७. टिपणं तयार करण्याची जबाबदारी त्याच्या हाताखालच्या आडोल्फ आइखमनची, वय ३५. गृह, न्याय, परराष्ट्र, व्यापलेल्या पोलंडचं प्रशासन, पक्षाची कचेरी, पंतप्रधान कार्यालय म्हणावं तसं एक, असे सगळ्या खात्यांचे वरिष्ठ. इतिवृत्त पंधरा पानी, प्रती तीस. त्यांतली एकच उरली, परराष्ट्र खात्याच्या मार्टिन लुथरकडे गेलेली सोळावी (धर्मसुधारक लुथर चारशे वर्षं आधीचा, याचा त्याच्याशी संबंध नाही). नाझी गुन्हेगारांवरच्या न्युरेम्बर्ग खटल्यांची तयारी करताना रॉबर्ट केम्पनर या सरकारी वकिलाच्या माणसांना ती १९४७ मध्ये फायलींत सापडली. बाकीच्या एकोणतीस गेल्या कुठे, तर युद्ध हरतंय असं दिसल्यावर हे कागद जाळायचे असतात हे त्या मंडळींना चांगलं कळत होतं.

ज्यूंच्या संहाराचा निर्णय याच बैठकीत झाला असं पुष्कळ लोक समजतात. तारखा तसं सांगत नाहीत. त्याआधीच्या सप्टेंबरात किएवजवळ बाबी यारच्या घळीत दोन दिवसांत ३३,७७१ माणसं गोळ्या घालून मारली होती. हा आकडा मारणाऱ्यांच्याच अहवालातला. डिसेंबरात पोलंडमधल्या खेल्म्नो इथे विषारी वायूच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. मग बैठक कशाला? अधिकार कोणाचा, हे एकदा सगळ्या खात्यांसमोर कागदावर यावं म्हणून. पुढे कोणी म्हणू नये की आम्हाला विचारलं नव्हतं. हायड्रिखला संमती हवी होती आणि ती मिळाली. पोलंडच्या प्रशासनाच्या प्रतिनिधीने तर आमच्या मुलुखापासून सुरुवात करा, अशी विनंतीच केली. खरी चर्चा रंगली ती मिश्र विवाहांतल्या आणि अर्ध्या ज्यू संततीवर. कोणाचा आजा ज्यू, कोणाची आजी, कोणाला वगळायचं, कोणाला नाही, निर्बीजीकरणाने कटकट कमी होईल का. पानंच्या पानं त्यावर आहेत. मारण्याचं नाव कुठे नाही. "पूर्वेकडे स्थलांतर" आहे, रस्ते बांधायच्या कामावर नेल्यावर होणारी "नैसर्गिक घट" आहे. जेरुसलेमच्या खटल्यात आइखमनने १९६१ मध्ये सांगितलं, की प्रत्यक्षात लोक मारण्याबद्दल उघड बोलत होते, इतिवृत्तात ते सौम्य करून घेतलं. आणि बैठक संपल्यावर हायड्रिखने शेकोटीपाशी कोन्याक घेतली, हेही त्यानेच सांगितलं.

अशा वेळी "सगळे बाबू असेच" असं म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला ते मुळीच पटत नाही. पाणीपुरवठ्याच्या सभेचं इतिवृत्त लिहिणं आणि हे, यांच्यात भाषेचं साम्य आहे, कृत्याचं नाही. आणि ते पंधरा जण आज्ञा पाळणारे कारकूनही नव्हते. वरचे होते, शिकलेले होते, एकमेकांच्या पुढे जायला टपलेले होते. मला हादरा बसला तो वेगळ्याच ठिकाणी. इतिवृत्त उत्तम लिहिलेलं होतं. मुद्द्यांचा क्रम, आकड्यांची मांडणी, परिशिष्टाची गरज पडू नये अशी यादी, सगळं नेटकं. माझ्या हाताखाली असता तर मी त्या माणसाचं कौतुक केलं असतं, हे माझ्या मनात आलं आणि मी तिथून बाजूला झाले.

ती यादी सहाव्या पानावर आहे. युरोपातला एकेक देश आणि पुढे ज्यूंची संख्या, एकूण एक कोटी दहा लाखांच्या वर. अर्धे देश त्यांच्या ताब्यात नव्हतेच. इंग्लंड ३,३०,०००. स्वित्झर्लंड १८,०००. आयर्लंड ४,०००. अल्बानिया २००. एस्टोनियापुढे आकडा नाही, तिथलं काम झाल्याची नोंद आहे. दोनशे माणसंही मोजलेली बघून मला अलिबाग आठवलं.

मी तिथली. गावात इस्रायल आळी आहे, तिथे मागेन आबोथ हे सिनेगॉग आहे. कोकणचे बेने इस्रायल कित्येक शतकं आपल्यात आहेत; फुटलेल्या जहाजातून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्यांचे आपण वंशज, असं ते सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आमच्या वर्गात त्यांच्या मुली होत्या. त्यांच्या घरी मराठीच बोलत, नवस फेडायला मलिद्याचं ताट करत, आणि त्यातला वाटा आमच्याकडेही येई. पुढे बहुतेक घरं इस्रायलला गेली. सहाव्या पानावरची यादी युरोपापाशी थांबते, तुर्कस्तानचासुद्धा फक्त युरोपातला भाग धरलाय. आमच्या आळीचा आकडा तिथे नव्हता. तरी तो असता तर किती असता, हे मी उभ्या उभ्या मनात मोजायला लागले, घरं आठवत, एका टोकापासून.

इथवरचं सगळं पुस्तकांतून, चित्रपटांतून थोडंफार कानावर आलेलं असतं. मला माहीत नव्हतं ते यानंतरचं. युद्धानंतर काय झालं या घराचं? काही काळ रशियन, मग अमेरिकन सैनिक. मग काही वर्षं समाजवादी पक्षाची एक शिक्षणसंस्था. आणि १९५२ पासून नॉयकोल्न या बर्लिनच्या कष्टकरी भागातल्या शाळांचं सुट्टीघर. मुलं यायची, बागेत पळायची, जेवणाच्या खोलीत जेवायची.

योझेफ वुल्फ या माणसाने हे बदलायचा प्रयत्न केला. जन्म १९१२, जर्मनीतल्या केम्निट्झ गावी. वाढला पोलंडमधल्या क्राकोत. धर्मगुरू व्हायचं म्हणून शिकत होता, तेवढ्यात जर्मन आले. प्रतिकार चळवळीत पकडला गेला, आउश्विट्झच्या मृत्युछावणीत गेला, आणि ती छावणी रिकामी करताना कैद्यांना चालवत नेलं त्या मृत्युयात्रेतून निसटला. वाचलेले बहुतेक लोक जर्मनीपासून जितकं लांब जाता येईल तितकं गेले. हा गृहस्थ पन्नाशीच्या दशकात बर्लिनलाच येऊन राहिला आणि नाझी काळाच्या मूळ कागदपत्रांचे खंडामागून खंड छापू लागला. नावांसकट. त्यांतले बरेच नावंवाले जिवंत होते, नोकऱ्यांत होते. काही व्यावसायिक इतिहासकारांनी त्याला जवळ केलं नाही. जो स्वतः भोगून आला तो तटस्थ कसा राहणार, असा त्यांचा आक्षेप. तटस्थपणाची ही व्याख्या मी पुष्कळ ठिकाणी ऐकली आहे. चौकशी समितीवर तक्रारदाराच्या बाजूचं कोणी नको म्हणतात आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्या खात्यातलं माणूस चालतं.

साठीच्या दशकाच्या मध्यापासून वुल्फने मागणी लावून धरली की या बंगल्यात नाझी काळाच्या अभ्यासाचं केंद्र व्हावं. त्याला देशोदेशींचे लोक पाठिंबा देत होते. शहराच्या कारभाऱ्यांचं उत्तर तयार होतं: इथे मुलं सुट्टीला येतात, त्यांना कुठे हाकलणार? शिवाय अशा जागेचं एक भेसूर तीर्थक्षेत्र होईल. वर्षं गेली, बैठका झाल्या, बंगला काही मिळाला नाही. १९७३ मध्ये वुल्फची बायको वारली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याने मुलाला पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो, की मी तिसऱ्या राइशवर, म्हणजे हिटलरच्या राजवटीवर, अठरा पुस्तकं काढली आणि त्यांचा काही परिणाम झाला नाही. इथे तुम्ही कागदपत्रं छापून छापून मराल, राजधानी बॉनमध्ये सरकार लोकशाहीतलं असेल, आणि सामूहिक खुनी मात्र मोकळे फिरतात, आपल्या छोट्या घरात राहतात, फुलझाडं लावतात. १० ऑक्टोबर १९७४ ला त्याने शार्लोटेनबुर्गमधल्या आपल्या घराच्या खिडकीतून उडी घेतली.

फुलझाडांची गोष्ट त्याने उगाच लिहिली नव्हती. बैठकीतले हायड्रिखसारखे काही युद्धातच मेले, काहींना फाशी झाली. पण पक्षाच्या कचेरीचा गेरहार्ड क्लोप्फर पुढे उल्म शहरात वकिली करत राहिला आणि १९८७ मध्ये गेला, म्हाताऱ्या वयात. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत घरच्यांनी छापलं, की त्याच्या सहवासात आलेल्या सर्वांचं भलं करणारं कृतार्थ आयुष्य तो जगला. तोवर बंगल्यात मुलं येतच होती. ती थांबली १९८८ मध्ये. संग्रहालय उघडलं २० जानेवारी १९९२ ला, बैठकीला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. तिथल्या ग्रंथालयाला वुल्फचं नाव आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

बाहेर पडून आम्ही त्याच रस्त्याने परत चालत निघालो आणि काही मिनिटांत दुसऱ्या घरापाशी आलो, ज्याचा उल्लेख मघाशी केला. माक्स लीबरमान या चित्रकाराचा हा उन्हाळी बंगला. वास्तुविशारद तेच, पाउल बाउमगार्टन. घर त्या बंगल्याहून पाच-सहा वर्षं जुनं, आणि माझ्या मते जास्त चांगलं. दिखाऊपणा कमी, खिडक्यांतून आरपार बाग. पुढे भाजीपाल्याचे वाफे आणि फुलं एकत्र, मागे बर्चची झाडं आणि पाण्यापर्यंत उतरणारी हिरवळ. लीबरमान याला तळ्याकाठचा आपला राजवाडा म्हणायचे, आणि या बागेची त्यांनी दोनशेहून जास्त तैलचित्रं काढली. तेवढ्याच झाडांची, तेवढ्याच बाकाची. ते प्रशियाच्या कला अकादमीचे अध्यक्ष होते. ज्यू होते, म्हणून १९३३ मध्ये बाहेर पडले, दोन वर्षांनी वारले. १९४० मध्ये, म्हणजे मिनूने आपला बंगला एस.एस.ला विकला त्याच वर्षी, लीबरमानांच्या बायकोला, मार्थाला, हे घर पोस्टखात्याला विकायला भाग पाडलं. पैसे गोठवलेल्या खात्यात गेले. तिच्या हातात काही आलं नाही. मार्च १९४३ मध्ये तिला थेरेझियनश्टाटच्या छावणीत नेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा पंच्याऐंशी वर्षांच्या त्या बाईने झोपेच्या गोळ्यांची मात्रा घेतली.

लीबरमानांच्या बागेत मागच्या गच्चीवर कॅफे आहे. तिथे बसून नवऱ्याने दिवसभर मनात ठेवलेला प्रश्न काढला. "पण मुलांचं काय चुकलं गं? नॉयकोल्नच्या पोरांना दोन आठवडे तळं मिळत होतं. त्या घरात त्याहून चांगलं काय होणार होतं?" लेक चिडली. "बाबा, मुलांचं चुकलं असं कोण म्हणतंय? त्यांच्या नावावर मोठे लोक लपले, एवढंच." नवऱ्याला हे अर्धंच पटलं. तो स्वतः गिरणगावात वाढलेला. शाळेने एकदा लोणावळ्याला नेलं होतं ते अजून सांगतो, आणि ज्याला चाळीच्या दीड खोलीतून महिन्यातून एकदाही झाड दिसत नाही त्याला इतिहासाचं केंद्र आधी की हवा आधी, हे तुम्ही लोकांनी बसून ठरवू नये, असं त्याचं म्हणणं. मला त्याचं म्हणणं खोडता आलं नाही. पण वुल्फ मुलांची सुट्टी बंद करा म्हणत नव्हता. तलावाला काठ पुष्कळ आहे.

या लीबरमानांच्या घराचंच बघा. युद्धानंतर तिथे आधी रुग्णालय होतं आणि १९७२ पासून पाणबुड्यांचा, म्हणजे हौसेने पाण्याखाली पोहणाऱ्यांचा, क्लब. तीस वर्षं लोक या बागेतून हातात पाय-पंख घेऊन पाण्यात शिरत होते. मग काही हौशी बर्लिनकरांनी संस्था काढली, पाठपुरावा केला, क्लब तिथून हलला, जुन्या आराखड्यांवरून बाग पुन्हा लावली आणि २००६ मध्ये संग्रहालय उघडलं. पाणबुड्यांना पाणी काही कमी पडलं नसावं.